हार्डवेअरमधून किल्ली काढताना मोजमाप कुठे घ्यायचं?

माहिती कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली (एन्क्रिप्शन की) उपकरणातच बनवायची, त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बॅटरीवर चालणारं एक छोटं सेन्सर उपकरण, आत साधा मायक्रोकंट्रोलर. यादृच्छिक संख्या देणारा वेगळा ब्लॉक त्यात नाही. म्हणून मोकळ्या सोडलेल्या एडीसी पिनचं (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या पिनचं) एक वाचन, चिपचा अनुक्रमांक आणि टायमरचा आकडा असं तिन्ही एकत्र करून एसएचए-२५६ या हॅशमधून, म्हणजे कुठल्याही इनपुटचे घुसळून २५६ बिट करणाऱ्या फंक्शनमधून काढलं. बाहेर आलेले बिट सांख्यिकी चाचण्यांच्या पूर्ण संचाला लावले, सगळ्या पास झाल्या. आता यावरून २५६ बिटांची किल्ली बनवायला हरकत आहे का?

हरकत आहे. चाचण्या चुकीच्या टोकाला लावल्या आहेत.

एक प्रयोग करून पाहा. १, २, ३, ४ असे सरळ क्रमाने आकडे घ्या, प्रत्येकाचं एसएचए-२५६ काढा, आलेली उत्तरं एकापुढे एक जोडा आणि त्याच चाचण्यांना द्या. पास होतील. त्यात यादृच्छिक असं काहीही नाही, शाळकरी पोरगाही पुढचा आकडा सांगेल. म्हणजे चाचणीने परीक्षा घेतली ती एसएचए-२५६ ची. ती पास होणारच होती. तुमच्या एडीसीबद्दल त्या निकालातून एक अक्षरही कळत नाही.

हल्लेखोर बाहेर पडलेल्या बिटांचा पॅटर्न शोधत बसत नाही. हॅशच्या तोंडाशी एकूण किती वेगवेगळे इनपुट येऊ शकतात, एवढंच तो पाहतो. चिपचा अनुक्रमांक गुप्त नसतो. तो कधी लेबलवर छापलेला असतो, कधी रेडिओवरून पाठवला जातो, कधी डीबग पोर्टवरून वाचता येतो. अनिश्चिततेच्या हिशेबात त्याचे शून्य बिट धरा. (दोन उपकरणांच्या किल्ल्या एकसारख्या होऊ नयेत यासाठी तो मिसळायला हरकत नाही, पण तो हिशेब वेगळा.) बूट झाल्यावर ठरावीक सूचनांनंतर वाचलेला टायमर प्रत्येक वेळी जवळपास तोच आकडा दाखवतो. एडीसीचं एकच वाचन १२ बिटांचं असलं तरी ते प्रत्यक्षात मोजक्या किमतींमध्येच हलतं. उदार होऊन दोघांना आठ-आठ बिट दिले तरी ६५,५३६ शक्यता झाल्या. साधा लॅपटॉप एवढे हॅश डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हॅश हा पोहरा आहे. त्याने पाणी वाढत नाही.

ही भीती पुस्तकी नाही. १९९५ मध्ये इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी नेटस्केप ब्राउझरच्या किल्ल्यांचा अंदाज बांधून दाखवला, कारण बीज म्हणून, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात म्हणून, वेळ आणि दोन प्रोसेस क्रमांकच (चालू प्रोग्रामना संगणक देतो ते क्रमांक) वापरले होते. डेबियन या लिनक्स आवृत्तीत २००६ साली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या कोडमधल्या ओळी काढल्या गेल्या आणि यादृच्छिकतेसाठी उरला फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ पर्याय. मे २००८ मध्ये ते उघड होईपर्यंत जवळपास दोन वर्षं लोक त्या किल्ल्या बिनधास्त वापरत होते. दोन्ही ठिकाणी आउटपुट दिसायला निर्दोष होतं.

छोट्या उपकरणांसाठी मात्र सगळ्यात बोलकं उदाहरण २०१२ चं. संशोधक नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या टीएलएस आणि एसएसएच (सुरक्षित संपर्काच्या दोन पद्धती) सर्व्हरांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या आणि आरएसए किल्ल्यांचा एकमेकींशी मसावि काढला. आरएसएची सार्वजनिक किल्ली म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार. तो फोडणं अशक्यप्राय असतं, पण दोन किल्ल्यांमध्ये एक मूळ संख्या सामायिक असेल तर मसावि ती क्षणात बाहेर काढतो आणि दोन्ही खासगी किल्ल्या हातात येतात. त्यांना टीएलएस होस्टपैकी ०.५ टक्के होस्टच्या खासगी किल्ल्या अशा मिळाल्या. एकाही उपकरणाला हात न लावता. सापडलेल्यांत राउटर, फायरवॉल, सर्व्हरची दूरस्थ व्यवस्थापन कार्डं अशी कीबोर्ड-पडदा नसलेली उपकरणं भरपूर होती.

एकच मूळ संख्या सामायिक कशी, दुसरी वेगळी कशी, हे समजून घेतलं तर आपल्या उपकरणात काय बिघडू शकतं ते कळतं. उपकरण पहिल्यांदा चालू होतं. कीबोर्ड नाही, फिरती डिस्क नाही, घड्याळ बॅटरीविना शून्यावरून सुरू होतं. आतल्या लिनक्सच्या यादृच्छिकतेच्या साठ्यात अजून काहीच जमलेलं नाही आणि नेमकी तेव्हाच किल्ली बनवायची घाई असते. हजारो उपकरणं त्या क्षणी अगदी एकाच स्थितीत असतात, म्हणून पहिली मूळ संख्या तीच निघते. ती शोधण्यात थोडा वेळ जातो, तेवढ्यात एखाद्या उपकरणात सेकंद पुढे सरकतो, एखाद्यात पॅकेट येऊन धडकतं आणि दुसरी मूळ संख्या वेगळी होते. किल्ल्या हुबेहूब सारख्या असत्या तर कदाचित कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. अर्ध्या सारख्या होत्या, म्हणून लपून राहिल्या.

यावर “मग हार्डवेअर जनरेटर असलेली चिप घेतो” असं उत्तर येतं. घ्या, चांगलंच आहे. पण तैवानचं प्रकरण लक्षात ठेवा. तिथल्या नागरिक ओळख कार्डांमध्ये प्रमाणित हार्डवेअर जनरेटर होता. २०१३ मध्ये संशोधकांनी वीस लाखांहून अधिक १,०२४ बिटांच्या किल्ल्या तपासल्या आणि १८४ फोडल्या. एक मूळ संख्या तर तब्बल ४६ वेळा सापडली. ती कोणती? २ चा ५११ वा घात आणि २ चा ५१० वा घात यांच्या बेरजेपुढची पहिली मूळ संख्या. याचा अर्थ लावून पाहा: जनरेटरने शून्यच शून्य दिले, मूळ संख्या पुरेशी मोठी व्हावी म्हणून सॉफ्टवेअरने वरचे दोन बिट १ केले, आणि तिथून पुढे जी पहिली मूळ संख्या लागली ती उचलली. मेलेल्या जनरेटरची सावली किल्लीत उमटली. मधे कुणी “शून्यच का येताहेत?” एवढंही विचारलं नाही.

आता मोजायचं काय, ते. एन्ट्रॉपी म्हणजे बिटांत मोजलेली अनिश्चितता. आपल्या कामाला शॅननची सरासरी एन्ट्रॉपी चालत नाही, किमान एन्ट्रॉपी लागते. सर्वांत संभाव्य किमतीची शक्यता घ्या, तिचा २ पायाचा लॉगॅरिदम काढून चिन्ह उलटं करा, झालं. फरक किती पडतो? समजा एक जनरेटर निम्म्या वेळा बिघडून सगळे शून्य देतो आणि निम्म्या वेळा अगदी आदर्श २५६ बिट देतो. शॅननच्या हिशेबाने एन्ट्रॉपी १२९ बिट, कागदावर ठणठणीत. किमान एन्ट्रॉपी एक बिट. हल्लेखोर पहिला अंदाज “सगळे शून्य” असा करतो आणि निम्मी उपकरणं उघडतो. सरासरीत त्याला रस नसतो.

आणि मोजायचं कुठे? हॅशच्या आधी, कच्च्या नमुन्यांवर. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेचं एसपी ८००-९०बी हे मानक २०१८ मध्ये अंतिम झालं, ते हेच मागतं: कच्चे सलग दहा लाख नमुने, आणि शिवाय रीस्टार्टची चाचणी, म्हणजे उपकरण १,००० वेळा बंद-चालू करून दरवेळी पहिले १,००० नमुने. माझ्या मते या दुसऱ्या चाचणीचं मोल पहिलीहून जास्त आहे. हजार ओळींचा तक्ता मांडला की आडवं सगळं छान दिसतं. उभं बघा: प्रत्येक बूटनंतरचा सातवा नमुना नेहमी तोच येतो का? २०१२ ची ती उपकरणं या एका तपासणीत पकडली गेली असती. मात्र बंद म्हणजे वीज पूर्ण तोडून बंद. रीसेट बटण दाबून ही चाचणी उरकणारे लोक आहेत, त्यांचे आकडे मी धरत नाही.

आता तुमच्या पिनकडे वळतो. मोकळी पिन हा नॉईजचा स्रोत नव्हे, ती अँटेना आहे. आसपासच्या वीजवाहिन्यांची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण, शेजारच्या ट्रॅकवरचा क्लॉक, जवळचा ट्रान्समीटर असं सगळं ती उचलते. यातलं बरंचसं नियमित असतं आणि काही भाग बाहेरच्या माणसाच्या ताब्यात असतो. धातूच्या पेटीत बंद झाल्यावर किंवा गळतीच्या प्रवाहामुळे हीच पिन एका टोकाला चिकटून बसते आणि कायम ० किंवा कायम ४,०९५ दाखवते. टेबलावर उघड्या बोर्डवर घेतलेली मोजमापं इथे फसवतात.

खरा नॉईज हवा तर तो कुठल्या भौतिक कारणाने येतो ते तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. रोधातला औष्णिक नॉईज, जो जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये मोजला आणि समजावला. उलट्या दिशेने बायस केलेल्या जंक्शनमधला अॅव्हलांच नॉईज. ऑसिलेटरच्या कडांचा जिटर, म्हणजे त्यांची वेळ किंचित मागेपुढे होणं. वीज येताच एसरॅमच्या (चिपमधल्या कामाच्या मेमरीच्या) पेशी ० की १, कुठल्या बाजूला पडतात ते. चिपवरचे बहुतेक जनरेटर रिंग ऑसिलेटरचे असतात: विषम संख्येच्या इन्व्हर्टरांची साखळी स्वतःच्या शेपटीला जोडलेली, आणि औष्णिक नॉईजमुळे तिच्या प्रत्येक फेरीचा वेळ किंचित मागेपुढे. एका फेरीतला जिटर फार बारीक असतो, तो साचायला वेळ द्यावा लागतो. औष्णिक जिटर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट जिटर हवा तर चौपट थांबा. घाईने नमुने घेतले तर तुम्ही नॉईज मोजत नसून दोन ठरावीक फ्रीक्वेन्सींचा ठेका मोजत असता. अनेक रिंगांचे बिट एक्सऑरने एकत्र केले तर तो ठेका इतका गुंतागुंतीचा होतो की जिटर शून्य असतानाही आउटपुट चाचण्या पास करतं. एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) ही फसगत हमखास आढळते.

रिंगांची आणखी एक खोड म्हणजे त्या बाहेरच्या फ्रीक्वेन्सीला जुळवून घेतात. मार्केटोस आणि मूर या संशोधकांनी २००९ मध्ये वीजपुरवठ्यात ठरावीक फ्रीक्वेन्सी सोडून एका सुरक्षित मायक्रोकंट्रोलरच्या किल्ल्यांच्या शक्यता २ च्या ६४ व्या घातावरून ३,३०० वर आणल्या. म्हणून स्रोत चालू असताना त्याच्यावर सतत नजर ठेवावी लागते, कारखान्यात एकदा तपासून भागत नाही.

तुमच्या चिपमध्ये तयार ब्लॉक नसला तरी दोन स्वतंत्र ऑसिलेटर बहुधा असतील: मुख्य क्रिस्टल आणि वॉचडॉगचा (अडकलेली चिप रीसेट करणाऱ्या टायमरचा) आतला आरसी, म्हणजे रोध-कॅपॅसिटरचा ऑसिलेटर. वॉचडॉगला इंटरप्ट देऊ द्या आणि त्या क्षणी क्रिस्टलवर धावणाऱ्या वेगवान टायमरचे खालचे बिट वाचा. हे संथ आहे, दर नमुन्याला काही मिलिसेकंद जातात. पण किल्ली आयुष्यात एकदाच बनवायची असेल तर दहा-वीस सेकंद आणि तेवढी बॅटरी गेली तर काय बिघडलं? एकच अट: दोन्ही क्लॉक खरोखर वेगळे हवेत. काही चिपमध्ये दोन्ही एकाच मुळातून भागून काढलेले असतात, मग सगळं मुसळ केरात. डेटाशीटमधली क्लॉकची आकृती आधी बघा.

दुसरा पर्याय एसरॅम. वीज आल्यावर बहुतेक पेशी दरवेळी त्याच बाजूला पडतात, मोजक्या डळमळीत असतात. त्या स्थिर पेशींवर पफ (चिपचे जणू बोटांचे ठसे) उभे राहतात: एकाच उपकरणाची कायम राहणारी ओळख, त्रुटी सुधारायला सोबत मदतनीस डेटा. तो वेगळा विषय आहे. किल्ली दरवेळी नवी हवी असेल तर आपल्याला डळमळीत पेशीच लागतात. स्टार्टअप कोड मेमरी पुसून टाकायच्या आधी वाचा, आणि वीज खरंच गेली होती याची खात्री असल्याशिवाय वाचू नका. थंडीत एसरॅम जुना मजकूर जास्त वेळ धरून ठेवते.

यानंतर हिशेब. पूर्ण २५६ बिट हवे असतील तर हॅशमध्ये किमान ६४ बिट जादा एन्ट्रॉपी जाऊ द्या, म्हणजे ३२० बिट. वॉचडॉगच्या प्रत्येक नमुन्यात मोजमापाने ०.५ बिट निघाले तर ६४० नमुने; मी दुप्पट घेतो. एसरॅमच्या प्रत्येक पेशीला ०.०२ बिट निघाले तर १६,००० पेशी, म्हणजे २,००० बाइट. एवढी मोकळी मेमरी छोट्या चिपमध्ये नसेल तर तो रस्ता तिथेच संपला. फोन नॉयमनची १९५१ ची जोडीची युक्ती, ०१ आलं तर ०, १० आलं तर १, बाकी टाकून द्या, ही वाचायला सुंदर आहे. पण ती फक्त कल सुधारते आणि नमुने एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. आपले नसतात. सरळ एसएचए-२५६ वापरा. तुमचा हॅश मुळात चूक नव्हताच.

स्रोत चालू असतानाच्या देखरेखीच्या दोन चाचण्या एनआयएसटीच्या त्याच मानकात आहेत आणि दोन्ही मिळून जेमतेम तीसेक ओळींचा कोड होतो. पहिली: तीच किंमत सलग किती वेळा आली? नमुन्याला ०.५ बिट धरले आणि खोटा इशारा दहा लाखांत साधारण एकदा चालणार असेल तर मर्यादा ४१. दुसरी: खिडकीतल्या, म्हणजे ठरावीक संख्येच्या सलग नमुन्यांतल्या, पहिल्या नमुन्याची किंमत त्या खिडकीत किती वेळा परत आली, नमुने एका बिटाचे असतील तर खिडकी १,०२४ ची, नाहीतर ५१२ ची. तैवानची शून्यं पहिल्या चाचणीतच अडकली असती.

चाचणी नापास झाली तर काय करायचं, यावर मात्र भांडण होतं. व्यवसायाची बाजू म्हणते, ग्राहकाचं उपकरण बंद पडता कामा नये, वेळेवरून काहीतरी बीज घ्या. याला मी ठाम नकार देतो. किल्ली बनवू नका, त्रुटी दाखवा, पुन्हा प्रयत्न करा. बंद पडलेलं उपकरण परत येतं आणि दुरुस्त होतं. कमकुवत किल्ली घेऊन गेलेलं उपकरण वर्षानुवर्षं हसतमुखाने चालत राहतं.

तयार ब्लॉक वापरणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरचा ब्लॉक क्लॉकची आणि बीजाची चूक वेगवेगळ्या फ्लॅगने कळवतो; ते न वाचता नुसतं डेटा रजिस्टर वाचणारा कोड बाजारात ढिगाने आहे. २०२१ च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत आयओटी उपकरणांबद्दल हेच मांडलं गेलं: जनरेटरने चूक कळवली, फर्मवेअरने ऐकलीच नाही. ईएसपी३२ या वाय-फाय चिपची कागदपत्रं स्पष्ट सांगतात की वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू असताना, नाहीतर आतला नॉईज स्रोत मुद्दाम सुरू केल्यावरच, मिळणारे आकडे खरे यादृच्छिक धरा. आणि कधी कधी फ्लॅगही खोटं बोलतो. २०१९ मध्ये एएमडीच्या काही प्रोसेसरांत आरडीरँड ही यादृच्छिक आकडा मागणारी सूचना “यशस्वी” असं सांगून प्रत्येक वेळी सगळे १ देत होती. वरची पहिली चाचणी सॉफ्टवेअरमध्येही ठेवावी ती यासाठी.

हार्डवेअरचे बिट थेट किल्ली म्हणून वापरू नका, त्यांचं बीज एचमॅक-डीआरबीजीसारख्या सॉफ्टवेअर जनरेटरला द्या आणि पुढचं सगळं त्याच्याकडून घ्या. लिनक्स असेल तर स्वतःचं काही रचू नका, कर्नल ३.१७ पासून, म्हणजे २०१४ पासून, यादृच्छिक बिट मागायचा गेटरँडम हा कॉल आहे आणि साठा भरेपर्यंत तो प्रोग्रामला थांबवून ठेवतो. ते थांबणं कटकट वाटून टाळू नका. फर्मवेअरची प्रतिमा तयार करताना बीजाची फाइल तिच्यात राहून गेली तर सगळी उपकरणं एकाच बीजावर उठतील, तेवढं तपासा.

तुमच्या उपकरणाबद्दल विचाराल तर मी असं करेन. उत्पादनाच्या वेळी प्रत्येक बोर्डमध्ये वेगळं २५६ बिटांचं गुपित चांगल्या जनरेटरवरून भरायचं आणि त्याची प्रत कारखान्यात ठेवायची नाही. पहिल्या बूटला वॉचडॉगचा जिटर गोळा करून, देखरेखीच्या चाचण्यांतून नेऊन, त्या गुपिताबरोबर हॅश करायचा. एक स्रोत फसला तरी दुसरा उभा राहतो. नवं बीज आधी फ्लॅशवर लिहायचं आणि मगच या वेळचं वापरायचं, म्हणजे मधेच वीज गेली तरी तेच बीज दुसऱ्यांदा वापरलं जात नाही. एडीसीची पिन हवी तर मिसळा, हिशेबात शून्य धरा. आराखडा अजून बदलता येत असेल तर जनरेटर असलेला मायक्रोकंट्रोलर किंवा वेगळी सुरक्षा चिप घ्या, तीही कच्चे नमुने वाचू देणारी. आत हॅश करून फक्त गुळगुळीत बिट देणारी चिप घेतली तर तुम्ही पुन्हा १, २, ३, ४ च्या प्रयोगापाशी येता, फरक इतकाच की हॅश आता दुसऱ्याच्या ताब्यात.

कच्ची मोजमापं घेताना एकाच बोर्डवर समाधान मानू नका. वेगवेगळ्या लॉटचे बोर्ड घ्या, डेटाशीटमधल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमानाला आणि व्होल्टेजला मोजा, त्यातला सगळ्यात वाईट आकडा हिशेबात घाला. थंडीत औष्णिक नॉईज कमी होतो, उतरत्या बॅटरीवर आरसी ऑसिलेटर सरकतो. चिप बनवणाऱ्याने सिलिकॉनची आवृत्ती बदलल्याची सूचना आली, की डेटाशीट जशीच्या तशी असली तरी रीस्टार्टचा हजार ओळींचा तक्ता नव्याने काढा. जिटर किती मिळेल याची हमी डेटाशीट सहसा देत नाही.